झाडं नीट ओळखता येत नसताना ‘हे कोणतं झाड?’ अशा प्रश्नांना उत्तरं देत शिकता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : राहता गोव्यात डिचोलीला, शिक्षण कॉमर्सचं, चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधलेल्या रानवस्तू कोणत्या झाडाच्या हे कळावं म्हणून झाडांचा नाद लागला. कोणीतरी सांगितलं, आयनॅचरलिस्टवर लोक फोटो टाकून नावं विचारतात, त्यांना उत्तरं देत बसा, आपोआप शिकाल. पण स्वतःला येत नसताना दुसऱ्याला सांगणं तुम्हाला आगाऊपणाचं वाटतं.

उत्तरं द्या. मीही अशीच शिकले. नोकरी बँकेत, वनस्पतिशास्त्राशी संबंध बारावीपुरता. ‘आपोआप’ मात्र काही होत नाही, आणि उत्तर म्हणजे झाडाचं पूर्ण शास्त्रीय नाव, ही समजूत आधी सोडायला हवी.

आयनॅचरलिस्टवर ठिकाण गोवा निवडा आणि ज्यांना अजून कोणीच काही म्हटलेलं नाही अशा ‘अज्ञात’ नोंदी उघडा. कुठे फुलझाड, कुठे नेचा, कुठे अळंबी, कुठे नुसतंच शेवाळ. हा नेचा आहे की फुलझाड, एवढं तर तुम्हाला आजही सांगता येईल. तेवढंच सांगा. त्याचा उपयोग होतो, कारण जाणकार माणसं सगळा ढीग उपसत नाहीत, आपापला गट गाळून बघतात. नेच्यांचा अभ्यासक नेचेच उघडतो. ‘अज्ञात’मध्ये पडलेला नेचा त्याला कधी दिसतच नाही.

महिनाभरानं याचा कंटाळा येईल. आला की एक कूळ धरा. आपल्याकडे मी कदंबाच्या कुळापासून, म्हणजे रुबिएसीपासून सुरुवात करायला सांगेन. पानं समोरासमोर, कडा न कातरलेल्या, आणि जोडीतल्या दोन देठांच्या मधोमध खोडावर चिकटलेलं बारीकसं, बहुधा त्रिकोणी उपपर्ण. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की बहुतेक वेळा रुबिएसी. पिटकुळी, शेरवड, गेळ, कॉफी, सगळी यातली. एकदा ते उपपर्ण बघायची सवय लागली की कुंपणाजवळून जाताना नजर आधी देठाकडे जाते, फुलाकडे नंतर. कुड्याचीही पानं समोरासमोर असतात, पण तिथे तसं उपपर्ण नाही आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो. आता फोटोत चीक कसा दिसणार? नाहीच दिसत. म्हणून बऱ्याचदा तुमचं उत्तर म्हणजे एक उलटा प्रश्न असेल : ‘पान तोडल्यावर चीक आला का? देठाजवळून एक फोटो मिळेल का?’ हेही उत्तरच आहे, आणि नवख्या माणसानं दिलेलं चांगलं उत्तर. नेमकं काय विचारायचं हे कळण्यासाठी आधी दोन झाडांतला फरक कशात आहे ते शोधावं लागतं. माझं निम्मं शिक्षण त्या शोधण्यात झालं.

स्वतःला एक नियम घालून घ्या. कारण लिहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही. एक ओळ पुरते. ‘टाकळा वाटतो’ असं लिहिणं सोपं आहे. ‘टाकळा, कारण पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या, टोकं गोलसर, आणि खालच्या जोड्यांच्या मध्ये बारीक ग्रंथी’ असं लिहायला गेलात की फोटो मोठा करून जोड्या मोजाव्या लागतात. मोजल्यावर चार-पाच निघाल्या आणि टोकं अणकुचीदार दिसली तर तो तायकिळो, म्हणजे टाकळा, नव्हेच, कासविंदा असण्याची शक्यता जास्त. त्याची ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी असते. पहिल्या पावसात टाकळ्याची भाजी घरोघरी होते, म्हणून हा फरक नुसता पुस्तकी नाही. कासविंद्याच्या शेंगा-बिया खाऊन उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावल्याचं संशोधकांनी दाखवून दिलेलं आहे.

वाचून शिकणं आणि आठवून सांगणं यांत फरक पडतो, याला आधारही आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे. झाडांचं पुस्तक पुन्हा पुन्हा चाळून मला काही येत नव्हतं, ते का, हे वाचल्यावर उमगलं.

गोव्याला हा प्रकार नवाही नाही. गार्सिया द ओर्ता, पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्याचं नाव आहे तो वैद्य, १५३४ साली इथे आला. औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, आणि ते सगळं प्रश्नोत्तरांत आहे. रुआनो नावाचा विद्वान पाहुणा विचारतो, ओर्ता सांगतो. हा रुआनो त्यानं स्वतःच कल्पिलेला. ग्रीक आणि अरब ग्रंथांत एक लिहिलंय, इथल्या बाजारात नि बागेत दिसतंय दुसरंच, मग खरं काय, हे त्याला त्या पाहुण्याच्या तोंडून विचारून घ्यायचं होतं. तुम्हाला रुआनो फुकट मिळतायत, तेही रोज.

आता आगाऊपणाबद्दल. तो ‘सहमत’ या बटणात आहे. आयनॅचरलिस्टवर फोटो, तारीख, ठिकाण असलेल्या रानटी झाडाच्या नोंदीवर निदान दोघांनी नाव दिलं आणि दोनतृतीयांशाहून अधिक लोक एकाच प्रजातीवर आले की ती नोंद संशोधनयोग्य ठरते आणि बऱ्याचशा अशा नोंदी पुढे अभ्यासकांच्या हाती जातात. म्हणजे फोटो टाकणाऱ्यानं संगणकानं सुचवलेलं पहिलं नाव उचललं, तुम्ही ‘असेल बुवा’ म्हणून बटण दाबलं, की चूक पक्की. ज्याचं लक्षण तुम्ही स्वतः पाहिलं नाही त्याला सहमती देऊ नका. धन्यवाद म्हणून तर मुळीच देऊ नका. ही सवय आपल्या लोकांत फार आहे. जाणकारानं नाव सांगितलं की फोटोवाला लगेच सहमत होतो, जणू न झाल्यास त्याला वाईट वाटेल.

कोणी तुमचं नाव खोडलं तर मनाला लावून घेऊ नका, ‘कशावरून?’ एवढंच विचारा. वेळ असला की लोक सविस्तर सांगतात, आणि पुस्तकात नसलेली लक्षणं मला अशा उत्तरांतच मिळाली. पटलं तर आपलं नाव मागे घ्यायची सोय तिथे आहे.

एका प्रश्नाला मात्र कधीच उत्तर देऊ नका : ‘हे खाल्लं तर चालेल का?’ अळंब्यांचा मोसम सुरू झाला की गटागटांतून हा येतोच. काजऱ्याची नारिंगी फळं दिसायला गोजिरी, बियांत स्ट्रिकनीन हे विष. वाघचबक्याच्या, म्हणजे कळलावीच्या, कंदात कोल्चिसिन, तेही विषच. नाव शंभर टक्के माहीत असलं तरी फोटोवरून खाण्याचा सल्ला द्यायचा नाही. कोणी आधीच खाऊन विचारत असेल तर नावाच्या चर्चेत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करायला सांगा आणि खाल्लेल्याचा उरलेला तुकडा डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्यायला सांगा.

सुरुवातीलाच सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, गेंदांच्या नादी लागू नका. पावसाळ्यात पांढऱ्या गेंदांचे शेकडो फोटो येतात आणि सगळे सारखेच दिसतात. त्यांची प्रजाती ठरते ती भिंगाखाली फुलांचे बारीक भाग आणि बिया बघून, मोबाइलच्या फोटोवरून नव्हे. तिथे ‘एरिओकॉलॉन’ एवढं वंशाचं नाव लिहा आणि पुढच्या फोटोकडे वळा.