'टोकन'ला सरळ 'शब्द' का म्हणू नये?

प्रश्न असा आला आहे: संगणक भाषा कशी हाताळतो याबद्दल वाचताना 'टोकन' पावलोपावली भेटतं. टोकन म्हणजे शब्दच ना? मग 'शब्द' किंवा व्याकरणातलं 'पद' वापरायला काय हरकत आहे?

हरकत आहे. टोकन कधी अख्खा शब्द असतं, कधी शब्दाचा तुकडा, कधी नुसतं विरामचिन्ह. आणि हा घोळ मराठीत जितका स्पष्ट दिसतो, तितका इंग्रजीत दिसत नाही.

संगणकापुढे मजकूर येतो तो संकेतांची लांबलचक रांग म्हणून. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक जोडाक्षर. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीचिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, मात्र सहा संकेत: स, हलन्तचिन्ह, त, पुन्हा हलन्तचिन्ह, र आणि वेलांटी. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीच्या प्रत्येक संकेताला ३ बाइट लागतात, म्हणजे एका 'स्त्री'चे १८ बाइट झाले. या रांगेचे तुकडे कुठे पाडायचे हे आधी ठरवावं लागतं, आणि पाडलेला प्रत्येक तुकडा म्हणजे टोकन.

पहिला सोपा उपाय म्हणजे मोकळी जागा दिसली की तोडा. हिंदीत 'घर के सामने' लिहिलं की तीन तुकडे मिळतात. मराठीत 'घरासमोर' एकच. पुढे 'घरासमोरच्यांनीसुद्धा' हेही एकच! या पद्धतीत घर, घरात, घरापर्यंत, घरासमोरचा ही सगळी यंत्राच्या दृष्टीने एकमेकांशी नातं नसलेली नावं ठरतात. 'घरात' हजारदा वाचूनही 'घरापाशी' समोर आलं की पाटी कोरी.

मग व्याकरणाने तोडावं? करतात तसंही, आणि ते काम मला सगळ्यात रंजक वाटतं. पण शेवटी 'त' दिसला की सप्तमी, असा भाबडा नियम केला तर 'हात' आणि 'सात' यांचीही चिरफाड होते. शिवाय सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो: फूल पण फुलात, विहीर पण विहिरीत, पाऊस पण पावसात. नियम लिहिता येतात, पण विशेषनामं, बोलीतली रूपं आणि शुद्धलेखनाच्या चुका त्यांना सतत चकवतात.

आज सर्रास वापरतात तो मार्ग व्याकरणाला विचारतच नाही. फिलिप गेज यांनी १९९४ मध्ये माहिती कमी जागेत बसवण्यासाठी एक युक्ती मांडली होती. २०१६ मध्ये सेनरिख, हॅडो आणि बर्च या संशोधकांनी तीच यांत्रिक भाषांतरात दुर्मीळ शब्दांसाठी वापरली. सुरुवातीला सगळी सुटी अक्षरं घ्यायची. शेजारीशेजारी सर्वाधिक वेळा येणारी जोडी शोधायची, ती जोडून एक करायची, मग पुढची जोडी. ठरवलेल्या संख्येइतके तुकडे जमेपर्यंत हेच चालू. नेहमीचे शब्द त्यामुळे अखंड राहतात आणि विरळा शब्द फुटतात. भरपूर मराठी मजकुरावर हे केलं तर आपल्या लांबलचक शब्दाचे 'घरा', 'समोर', 'च्यांनी', 'सुद्धा' असे समंजस तुकडे पडू शकतात. मजकूर बहुतांशी इंग्रजी असेल तर मराठी शब्द काना-वेलांटीपर्यंत, कधी थेट बाइटपर्यंत भुगा होऊन निघतो. टोकनांवर पैसे आकारणाऱ्या सेवांमध्ये मग तेच म्हणणं मराठीत महाग पडतं.

आता 'पद'. पाणिनीची व्याख्या 'सुप्तिङन्तं पदम्', म्हणजे शेवटी प्रत्यय लागलेलं ते पद. इथे तर 'च्यांनी' हा नुसता प्रत्ययांचा पुंजकाही टोकन होतो. पद म्हणणं म्हणजे व्याख्येच्या नेमकं उलट जाणं.

'टोकन'चा भाषाचर्चेतला वापर तसा जुना आहे. चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञाने १९०६ मध्ये प्रकार आणि त्याची प्रत्यक्ष हजेरी असा भेद केला. हजेरीला त्याने 'टोकन' म्हटलं. 'येता येता' यात प्रकार एक, टोकनं दोन.

तुकडे पडले की प्रत्येकाला क्रमांक मिळतो आणि क्रमांकावरून आकड्यांची एक यादी, जी त्या तुकड्याच्या शेजाऱ्यांवरून शिकलेली असते. अशा याद्या बनवणाऱ्या २०१३ च्या वर्ड-टू-व्हेक या पद्धतीत 'नाव'ला एकच यादी मिळायची, मग ती 'नाव बुडाली' मधली असो की 'नाव बुडवलं' मधली. २०१७ मध्ये आलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेत, जी अख्खं वाक्य एकत्र पाहते, ही यादी वाक्यागणिक बदलते. 'बुडाली' हे स्त्रीलिंगी रूप शेजारी असलं की होडीचा अर्थ पुढे सरकतो.

जाता जाता: 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' दिसायला एक, पण पहिल्यात ऱ हा स्वतंत्र संकेत आहे, दुसऱ्यात साधा र आणि डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. तोडण्याआधी दोन्ही एकसारखी केली नाहीत तर यंत्रासाठी ते दोन वेगळे शब्द.

तेव्हा माझं मत: 'टोकन' तसंच ठेवावं, समजावून सांगताना 'तुकडा' म्हणावं. क्रियेला 'टोकनीकरण' चालेल. 'शब्दविभाजन' नको, कारण विरामचिन्हंही तोडली जातात आणि ती काही शब्द नाहीत.