जांभ्याच्या भिंती आणि आईचा तुटक आवाज

प्रश्न : देवरुखजवळच्या आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून फायबर घेतलं आणि आईच्या फोनवर वाय-फाय कॉलिंग सुरू करून दिलं. प्लॅन १०० एमबीपीएसचा, यूट्यूब झकास चालतं. पण तिचा आवाज तुटतो, ती माजघरात गेली की कॉलच कटतो. राउटरमध्ये आयपीव्ही६चाही रकाना आहे. भाचा म्हणतो, बंदच ठेव. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : प्लॅन वाढवायला जाऊ नका, पैसे वाया जातील. बोलण्याला जेमतेम १०० केबीपीएस लागतात, म्हणजे तुमच्या प्लॅनचा हजारावा हिस्सा. आवाजाची पाकिटं, म्हणजे त्याचे बारीक तुकडे, साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघतात, सेकंदाला ५०. ती वेळेवर पोचली नाहीत की शब्द गेला. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच भरून ठेवतं, म्हणून तिथे अडखळलेलं कळत नाही. आईने अजून न बोललेलं वाक्य कोण भरून ठेवणार?

राउटर कुठे ठेवलाय? चिपळूणला माझ्या बहिणीकडे तो टीव्हीमागच्या कोनाड्यात होता, पुढे स्टीलचे डबे. जांभ्याच्या जाड भिंतीत ५ गिगाहर्ट्झची लहर जिरते, आणि फोन मात्र ओटीवर पकडलेल्या त्याच लहरीला माजघरातही लोंबकळत राहतो. मी राउटर माजघराच्या दारावर, चौकटीपाशी ठोकला आणि राउटरच्या दोन्ही लहरींची, म्हणजे भिंतीतून बरी जाणाऱ्या २.४ची व ५ची, वाय-फाय नावं वेगळी केली. बहिणीच्या फोनला फक्त २.४चं दिलं, चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा असेल तो, रुंदी २० मेगाहर्ट्झ. निम्मं दुखणं तिथेच गेलं. वायरलेसच्या पानावर ‘डब्ल्यूएमएम’ असेल, ते चालू ठेवा. हवेतल्या रांगेत आवाजाला पुढे घेतात ते त्यानेच.

‘सिप एएलजी (इंटरनेट कॉलच्या पाकिटांत फेरफार करणारी राउटरमधली सोय) बंद करा’ असं कुणी ना कुणी सांगेलच. ऑफिसातल्या आयपी फोनला तो सल्ला बरोबर आहे. वाय-फाय कॉलिंग मात्र कुलूपबंद बोगद्यातून जातं, राउटरला आत काय चाललंय ते दिसतच नाही. तुम्ही त्या बोगद्याला वाट देणाऱ्या ‘आयपीसेक पासथ्रू’ची खूण तेवढी शाबूत आहे ना, ते बघा.

आता भाच्याचं. इंटरनेटवर जोडायला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्येच वाटून संपला. म्हणून अनेक ठिकाणी कंपनी एकाच पत्त्यामागे बरीच घरं बसवते. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत ही दाटी नाही, त्यामुळे चालू करा. रकान्यात प्रीफिक्स डेलिगेशन (कंपनीकडून घरासाठी पत्त्यांचा गठ्ठा घेणं) निवडा. नंतर फोनच्या नेटवर्क माहितीत २ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला की जमलं. नुसता ‘एफई८०’वाला दिसला तर तो घरातल्या घरातच चालतो. भाच्याची भीती अगदीच खोटी नाही, कारण इथे प्रत्येक यंत्राला बाहेरचा पत्ता मिळतो. आयपीव्ही६ची फायरवॉल, म्हणजे बाहेरून आगंतुक येणाऱ्याला अडवणारा पहारा, चालूच हवी.

आणि लाइट गेल्यावर काय? मी टेलिफोन एक्स्चेंजात ३१ वर्षं काढली. जुन्या फोनला तारेतूनच ४८ व्होल्ट मिळायचे, गावात अंधार असला तरी घंटी वाजायची. तुमच्या आईचा फोन राउटरबरोबरच मुका होईल. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. फायबरची तार ज्यात येते तो डबा राउटरहून वेगळा असेल तर त्यालाही त्यावरच जोडा. आधी दोन्हीच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट मात्र वाचून घ्या.