नेपियर वाळलं म्हणून ठोंब उपटू नका, आधी बुडखा तपासा

आष्टी, भूम आणि अंबड भागातून सध्या एकच प्रश्न येतोय: "विहीर आटली, नेपियर या चाऱ्याच्या गवताचं पाणी तोडलं, सगळा प्लॉट तपकिरी पडलाय. ठोंब उपटून जूनमध्ये नवीन लावू का?" लातूरच्या एका शाळेने मैदानावरच्या हिरवळीबद्दल जवळपास हेच विचारलंय.

घाई करू नका. पाला वाळला म्हणजे ठोंब मेला असं नाही. पाणी तुटलं की गवत आधी पाला सोडतं आणि साठवलेलं अन्न बुडख्यात, मुळांत राखून ठेवतं. हराळीचं उदाहरण तुमच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. नांगरून, काशा (जमिनीखाली पसरणारी गाठाळ खोडं) वेचून बांधावर टाकल्या तरी मृगाच्या पावसाला ती पुन्हा डोकं काढते, कारण काशीचा एखादा तुकडा मातीत राहिलेलाच असतो. नेपियरला अशा लांब पसरणाऱ्या काशा नसतात. त्याचा सगळा जीव जमिनीलगतच्या बुडख्यात आणि त्यावरच्या डोळ्यांत (जिथून कोंब फुटतो त्या गाठींत) असतो, म्हणून तपासणीही तिथेच करायची.

प्लॉटच्या कडेचे, मधले, उताराचे असे आठ-दहा ठोंब निवडा. खुरप्याने भोवतालची माती दोन-तीन इंच बाजूला सारा, वाळलेली आवरणं सोला आणि जमिनीखालच्या कांडीला तिरपा काप द्या. आत पांढरट किंवा फिकट हिरवं, बोटाला ओलसर आणि टणक लागलं, डोळा दाबून घट्ट वाटला, तर ठोंब जिवंत आहे. आत तपकिरी, कोरडं, भुसभुशीत निघालं किंवा कुजका वास आला, तर ती कांडी गेली. एकाच कांडीवरून मात्र निकाल देऊ नका. ठोंबात दोन-तीन कांड्या जरी जिवंत निघाल्या तरी तो ठेवा, त्यातून फुटवे येतात.

ठोंब ओढल्यावर सहज हातात आला आणि मुळं कुरतडलेली दिसली, तर नुसता उन्हाला दोष देऊ नका. खालची माती उकरून बघा. अर्धगोल वाकलेली पांढरट अळी दिसली तर ती हुमणी, मातीची आवरणं आणि पोखरलेल्या कांड्या दिसल्या तर वाळवी. सगळा प्लॉट सारखा वाळला असेल तर बहुधा पाण्याचा ताण. मधेच ठिगळासारखे डाग पडले असतील तर किडीचा संशय घ्यावा, पण मुरमाड तुकडा आधी वाळतो हेही ध्यानात ठेवा.

एवढं करूनही शंका उरली तर पाच-सहा ठोंबांना बादली-बादली पाणी द्या, वर पाचट पसरा, चार-पाच दिवसांनी पुन्हा पाणी द्या. जीव असेल तर साधारण पंधरवड्यात कोंब दिसतात. त्यासाठी टँकरचं विकतचं पाणी अख्ख्या प्लॉटला घालू नका.

वाळलेल्या गवताला युरिया टाकू नका, तो घ्यायला मुळं कामात नसतात. धसकटं पेटवू नका, जमिनीलगतचे डोळे भाजतात. जनावरंही प्लॉटात सोडू नका. पाऊस लागून फुटवे आले की शेणखत आणि नत्र द्या. मेलेल्या जागी आपल्याच जिवंत ठोंबांचे तुकडे लावून नांग्या भरा, विकतच्या ठोंबांचा खर्च वाचेल. पूर्ण नवीन लागवडच करायची झाली तर फुले जयवंत किंवा यशवंत ही नेपियरची जात 90 बाय 60 सें.मी. अंतरावर लावा.

शाळेची हिरवळ हराळीच्या जातीची असेल तर तीच खूण पाहा: मातीतली काशी मोडल्यावर आत पांढरी आणि टणक हवी. तीन आठवड्यांतून एकदा चौरस मीटरला 10 लिटर पाणी दिलं तर काशा तगतात, गवत हिरवं मात्र होणार नाही. कापणी थांबवा, मुलांचा वावर कमी करा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पिण्याच्या पाण्याची ओढाताण असेल तेव्हा हिरवळीला चांगलं पाणी घालू नये, हे मी स्पष्टच सांगतो. हात धुतलेलं पाणी चालेल.

एक धोक्याची गोष्ट. प्लॉटशेजारी ज्वारीचा खोडवा (कापणीनंतर राहिलेली, पुन्हा फुटणारी धसकटं) असेल आणि वळवाच्या सरीनंतर त्याला कोवळे फुटवे आले, तर जनावरं तिकडे जाऊ देऊ नका. ताणावरच्या कोवळ्या ज्वारीत विषारी आम्ल असतं. ती खाल्ल्यावर जनावर तोंडाला फेस आणून धापा टाकू लागलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा.