अंदमानात कायमचं राहायला जायचं म्हणताय, तर आधी एक पावसाळा काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत सहा दिवस अंदमान बघून आलो, मन तिथेच राहिलं. काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होतं. जुळे सोलापुरातला फ्लॅट विकून बायको, आठ वर्षांची मुलगी आणि बीपी-शुगर असलेली आई यांना घेऊन कायमचं तिकडे जावं का? फायदे-तोटे सांगा.

मी सोलापूरची, साखर पेठेत वाढलेली. मिस्टरांच्या बदलीमुळे 2013 ते 2021 अशी आठ वर्षं आम्ही पोर्ट ब्लेअरला गाराचर्मा भागात भाड्याच्या घरात काढली. (2024 पासून शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण माझ्या तोंडात अजून जुनंच बसलंय.) माझं उत्तर आधीच सांगते. जरूर जा, पण फ्लॅट विकू नका. आणि जायचंच तर मे महिन्याच्या शेवटी जा, जानेवारीत नको. जानेवारीत तुम्ही पाहिलं ते खरंच आहे, फक्त ते वर्षातले तीन-चार महिने.

आधी चांगलं सांगते, कारण ते खूप आहे. मे महिन्यात आपल्याकडे 43-44 अंशांत पत्रे तापतात, रात्री दोनपर्यंत भिंती गरम लागतात. तिकडे पारा 32-33 च्या वर फारसा जात नाही. धूळ नाही. सोलापुरात माझ्या मुलीचा दर हिवाळ्यात खोकला असायचा, तिथे आठ वर्षांत नेब्युलायझर कपाटातून बाहेर काढावा लागला नाही. रविवारी सकाळी चिडिया टापूला गेलं की एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि माणूस औषधालाही नाही. सगळी बेटं मिळून 8,249 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडी जास्त जागा. 2011 च्या जनगणनेत तिथे माणसं होती 3 लाख 80 हजार. आपल्या एकट्या शहरात तेव्हा साडेनऊ लाख होती. हा मोकळेपणा अंगात मुरतो. परत आल्यावर सोलापुरात सात रस्ता चौकात रिक्षातून उतरले तेव्हा मला अक्षरशः गरगरलं होतं.

आणि माणसं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेले बंगाली, तमिळ, तेलुगू, छोटानागपूरकडून जंगलकामासाठी आणलेले लोक (त्यांना तिथे सगळे 'रांची' म्हणतात), ब्रह्मदेशातून आलेले कारेन, आणि काळ्या पाण्याच्या कैद्यांचे वंशज. सगळ्यांची मिळून भाषा हिंदी. मला तर सोलापूरच्या पूर्व भागात वाढल्याचा फायदा झाला. शेजारीपाजारी सगळे तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, त्यामुळे तेलुगू कानावर होतीच. जंगलीघाटच्या मासळी बाजारात पहिल्याच आठवड्यात एका कोळिणीशी मोडक्या तेलुगूत बोलले, तर तिनं सुरमईचा तुकडा वरून टाकला. आठ वर्षं तिच्याकडूनच मासे घेतले. मराठी माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सेल्युलर जेल बघायला, सावरकरांची कोठडी बघायला महाराष्ट्रातले पर्यटक बसच्या बस भरून येत. मी कधीकधी नुसतं मराठी ऐकायला तिथे जाऊन बसायची.

आता पाणी. तुम्ही म्हणाल, तिथे तर धो धो पाऊस. बरोबर. वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर, आपल्या पाच-सहा पट. मेअखेरीस सुरू होतो, सप्टेंबरनंतर जरा थांबल्यासारखं करतो आणि मग ईशान्येचा पाऊस डिसेंबरपर्यंत चालतो. पण बेट चिंचोळं, चढउताराचं. पडलेलं पाणी काही तासांत ओढ्यांनी समुद्रात. साठवायला उजनीसारखं 117 टीएमसीचं धरण तिथे नाही. शहराची मुख्य भिस्त धनीखाडीच्या लहानशा धरणावर. फेब्रुवारी उलटला की पाणी तीन-चार दिवसांआड. पहिल्या उन्हाळ्यात मी आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "मग सोलापूर सोडून गेलीस कशाला?" आपल्याला नळाला रोज पाणी न येण्याची सवय असते, पिंप भरून ठेवायचं अंगवळणी पडलेलं असतं, हे तिथे कामाला आलं. पत्र्याच्या पन्हाळीला पाइप जोडून पावसाचं पाणी टाकीत घेणारं घर शोधा. घरमालकाला पहिला प्रश्न हाच विचारा, समुद्र दिसतो का हा नंतर.

दमटपणाची कल्पना इथे बसून येणार नाही. मी जाताना ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी डबे भरून नेली होती. आपल्याकडे कडक भाकरी महिना-दोन महिने कुरकुरीत राहते. तिथे डब्यातून ताटात काढली की जेवण उरकेपर्यंत उरलेला तुकडा चामड्यासारखा चिवट. चटणीला तिसऱ्या आठवड्यात खवट वास. मीठ ओलं, पापड ओले, काडेपेटी ओली. आईनं दिलेली सोलापुरी चादर पहिल्या पावसाळ्यात घडी घालून कपाटात ठेवली. ऑगस्टमध्ये उघडली तर घडीच्या रेषेवर करड्या बुरशीचे ठिपके, आणि मोराच्या नक्षीतला लाल रंग पांढऱ्यात उतरलेला. मग शेजारच्या बंगाली काकींनी शिकवलं: कपाटात कायम 15 वॅटचा बल्ब लावून ठेवायचा. मुलीची पुस्तकं, मिस्टरांची सर्टिफिकेटं, पट्टे, चपला, सगळं त्या कपाटात. तुमचं काम लॅपटॉपवर आहे म्हणून सांगते, खारी हवा चार्जरच्या पिना आणि बिजागऱ्या सारख्याच खाते. वीज बरीचशी डिझेल जनरेटरवर, तीही जाते. इनव्हर्टर लागेलच.

इंटरनेटची काळजी मात्र आता कमी झाली आहे. आधी सगळं उपग्रहावर चालायचं, एक फोटो पाठवायला चहा होऊन जायचा. 10 ऑगस्ट 2020 ला चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली सुमारे 2,300 किलोमीटरची केबल सुरू झाली आणि फरक त्याच आठवड्यात जाणवला. लॉकडाऊनमध्ये मुलीचा ऑनलाइन वर्ग पहिल्यांदा न अडकता चालला.

घड्याळाचंही सांगून ठेवते. वेळ आपलीच, पण सूर्य तासाभराहून अधिक आधी. मे-जूनमध्ये पाचच्या सुमारास लख्ख उजेड, डिसेंबरात संध्याकाळी पाचला अंधार पडायला लागतो. तुमचं ऑफिस इकडच्या वेळेनं सात वाजेपर्यंत चालणार असेल, तर कामानंतर समुद्रावर फिरायला जायचं स्वप्न बाजूला ठेवा. सकाळी जा.

बेटावरची खरी अडचण यातली कुठलीच नाही. ती म्हणजे सगळं पलीकडून येतं आणि पलीकडेच जावं लागतं. कांदा, बटाटा, डाळ, सिमेंट, औषधं चेन्नई नाहीतर कोलकात्याहून बोटीनं. बोट लांबली की बाजारात कांदा दिसेनासा होतो. चेन्नई जवळजवळ 1,200 किलोमीटर, जहाजानं तीन दिवस. समुद्र खवळला की बेटाबेटांतल्या फेऱ्याही बंद. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवेत हॅवलॉक आणि नील या बेटांवर दोन हजारांहून अधिक पर्यटक अडकले होते, शेवटी नौदलानं आणि तटरक्षक दलानं बाहेर काढलं. पर्यटकांची ती बातमी झाली. तिथे राहणाऱ्यांना दर पावसाळ्यात असे दोन-चार दिवस येतातच.

माझे वडील ऑगस्ट 2017 मध्ये गेले. फोन रात्री दहाला आला. रात्रीचं विमान नव्हतं, दुसऱ्या दिवशीचं एकही तिकीट नव्हतं. मी रात्रभर जागी, बाहेर पाऊस, आणि इकडे भाऊ विचारतोय, "थांबू का?" किती वेळ थांबायला सांगणार? मीच म्हटलं, थांबू नका. त्यानंतरच्या सकाळी विमानानं चेन्नई, तिथून रात्रीची गाडी. सोलापूर स्टेशनला उतरले ती थेट सावडायला. वडिलांचा चेहरा मला दिसला नाही. पुण्या-मुंबईत, अगदी बंगळूरला असते तर रातोरात गाडी करून पोचले असते. मधे समुद्र असला की पैसा आणि हिंमत असून उपयोग नसतो. तुमची आई तुमच्याबरोबर असेल, पण बायकोचे आई-वडील इथेच असतील ना? त्यांचा विचार या हिशेबात धरा.

आईंच्या तब्येतीचं. रोजच्या बीपी-शुगरची सोय तिथे होते, मोठं सरकारी रुग्णालय शहरात आहे. पण गुंतागुंतीचं काही निघालं की चेन्नईला पाठवतात, आणि हे 'पाठवणं' म्हणजे आजारी माणसाला घेऊन विमानाची वाट बघणं. आपल्याकडे उलट आहे, धाराशिवपासून कर्नाटकातल्या कलबुर्गी-विजयपूरपर्यंतचे पेशंट सोलापूरला येतात. इथे राहून आपल्याला त्याची किंमत कळत नाही. औषधं दोन महिन्यांची जास्त भरून ठेवा.

भूकंपाचं लपवणार नाही. हा सगळा पट्टा देशातल्या सर्वांत धोक्याच्या भूकंपक्षेत्रात येतो. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी ज्यांनी पाहिली ते लोक अजून त्या वेळेवरून बाकीच्या गोष्टींची वर्षं मोजतात. सिप्पीघाटच्या रस्त्यानं जाल तेव्हा बाजूचं पाणी नीट बघा. ती एके काळची भातशेती. जमीन खचली, खारं पाणी आत आलं ते परत गेलंच नाही. वठलेले बुंधे मी तिथे उभे पाहिलेत. किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे सोलापुरात आम्ही सगळे अंगणात येऊन उभे राहिलो होतो, मी तेव्हा शाळेत होते. ती भीती मला तिथे वर्षातून दोन-तीनदा, भांडी किणकिणली की आठवायची. घर घ्याल ते उंचावरचं घ्या, किनाऱ्यालगतचं नको.

मगरींचं एवढंच: पाटी लावलेल्या ठिकाणी पाण्यात उतरू नका, खाडीच्या तोंडाशी तर कधीच नाही.

जमीन विकत घ्यायच्या भानगडीत पहिली दोन वर्षं पडू नका. ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग जंगल, त्यात आदिवासींसाठी राखीव क्षेत्रं, त्यामुळे मिळण्याजोगी जमीन थोडी आणि कागदपत्रं आपल्या सातबाऱ्यापेक्षा निराळी. इथला फ्लॅट भाड्यानं द्या, तिथे भाड्यानं राहा.

मुलीच्या शाळेत हिंदी-इंग्रजी मिळेल, मराठी नाही. माझी मुलगी चार वर्षांची गेली, बारा वर्षांची परत आली. पोहते माशासारखी, झाडांची, खेकड्यांची नावं तिला येतात, पण मराठी धडा अजून बोट ठेवून वाचते. रोज अर्धा तास घरी मराठी वाचून घ्या. मी कंटाळा केला, त्याचं मला वाईट वाटतं.

शेवटचं विचारते. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात आईंना काय वाटतं हे कुठेच आलेलं नाही. सिद्धेश्वराला जायची सवय, ओळखीचा वैद्य, दारात येणारी भाजीवाली, गड्ड्याच्या यात्रेला घरी येणारे पाहुणे, हे सगळं या वयात सोडायचं त्यांना आहे. त्यांच्याशी निवांत बसून बोला, आणि त्या काय म्हणतात ते खाली लिहा. मग शाळा आणि कुठल्या भागात घर बघायचं याबद्दल मी सविस्तर सांगते.