मेटॉनिमी, सिनेक्डकी आणि पानिपतावरची बांगडी

प्रश्न असा आला आहे: लेक अकरावीत आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. इंग्रजीच्या तासाला फिगर्स ऑफ स्पीचची यादी मिळाली. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, अशा जोड्या लावत ती पाठ करते आहे. मेटॉनिमी आणि सिनेक्डकीला मात्र मराठी अलंकारांत जोडीदार सापडेना, आणि त्या दोघींतला फरकही कळेना. मराठी नावं कोणती, आणि या इंग्रजी नावांचे उच्चार कसे करायचे?

अलंकारांत ती सापडणार नाहीत, कारण आपल्याकडे हा विषय शब्दशक्तीत, म्हणजे शब्द अर्थ कसा देतो या भागात येतो. अभिधा, लक्षणा, व्यंजना शाळेत शिकवतात, त्यातली लक्षणा काढा. ‘आम्ही बाजरी खातो’ हे व्याकरणाच्या पुस्तकांतलं ठरलेलं उदाहरण आहे. बाजरी कोणी मूठ मूठ चावत बसत नाही, भाकरी खातात. ‘बाबा ताटावर बसले’ यातले बाबाही पाटावरच असतात. नेहमीचा अर्थ बसत नाही, म्हणून आपण त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घेतो, ही लक्षणा.

संबंध कोणता, हा खरा प्रश्न, आणि तो अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सोडवून ठेवला आहे. त्याचं गाजलेलं उदाहरण ‘गंगायां घोषः’, म्हणजे गंगेवर गवळीवाडा आहे. प्रवाहावर वाडा उभा राहत नाही, तेव्हा काठावर असं समजायचं. (मग सरळ काठावर का म्हटलं नाही? गंगेचा गारवा आणि पावित्र्य वाड्याला मिळावं म्हणून!) दुसरं उदाहरण ‘भाले आत शिरताहेत’, म्हणजे भालेवाले. असा संबंध जवळिकीचा किंवा सोबतीचा असेल तर ती शुद्धा लक्षणा, आणि साम्याचा असेल तर गौणी. इंग्रजीच्या वहीत गौणीच्या घरी मेटाफर राहतो आणि शुद्धेच्या घरी मेटॉनिमी. काटेकोर पंडित थोडी कुरकुर करतील, पण अकरावीला एवढं पुष्कळ झालं.

ओळखायचं कसं? मध्ये ‘सारखा’ घालून बघावा. ‘तो वाघ आहे’ म्हणजे वाघासारखा आहे; जमलं, मेटाफर. ‘मंत्रालयाने आदेश काढला’ म्हणजे मंत्रालयासारख्या कोणी काढला? छे. मंत्रालयात बसणाऱ्याने काढला; मेटॉनिमी. ‘द पेन इज मायटियर दॅन द सोर्ड’ हे वाक्य बुल्वर-लिटनच्या 1839 च्या नाटकातलं. त्यातही लेखणी लिहिणाऱ्यासारखी दिसत नाही, ती त्याच्या हातात असते.

हा भेद हाताला लागावा म्हणून एकाच लढाईची दोन वाक्यं घेऊ. ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ हे एक. त्याच पराभवाच्या बातमीचं ‘दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या’ हे दुसरं. बांगडी आणि सुवासिनी यांत साम्य काहीच नाही, बांगडी तिच्या हातात असते आणि नवरा गेला की फुटते; म्हणून मेटॉनिमी. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. ते मोत्यांसारखे मोलाचे, पण मोत्यांशी त्यांचा दुसरा संबंध नाही, म्हणून मेटाफर. लेकीला ही दोन वाक्यं समजली तर यादीतला अवघड भाग संपला.

आता सिनेक्डकी. संबंध अंश आणि पूर्ण यांचा असला की ती. ‘घरात खाणारी तोंडं सहा आणि कमावणारे हात दोन.’ (दोन हात म्हणजे एक माणूस की दोन, हे मराठीत कोणी विचारत नाही.) जहाजावरचं ‘ऑल हँड्स ऑन डेक’ही तेच. कसोटी सोपी आहे: अंगाचा भाग असेल तर सिनेक्डकी, अंगावरची किंवा हातातली वस्तू असेल तर मेटॉनिमी. राजाऐवजी मुकुट म्हटलं की मेटॉनिमी, गुरांची मोजदाद डोक्यांवर केली की सिनेक्डकी. काही अभ्यासक सिनेक्डकीला मेटॉनिमीचाच पोटप्रकार मानतात. म्हणून उत्तरात नुसतं नाव टाकू नये, कशाच्या जागी काय आलं आहे ते एका वाक्यात लिहावं.

जोड्या लावण्याबद्दल एक इशारा. मराठीत रूपकाला उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी करायची ते) दोन्ही हजर लागतात. वरच्या मोत्यांच्या वाक्यात विश्वासरावांचं नावच नाही. असं उपमेय उपमानाने गिळून टाकलं की संस्कृत शास्त्र त्याला अतिशयोक्तीचा एक प्रकार म्हणतं. इंग्रजीत तो साधा मेटाफर आहे, हायपर्बली (इंग्रजीतली अतिशयोक्ती) नव्हे. तसंच ‘जणू’चं. आपण त्याला उत्प्रेक्षेचा वेगळा पाट मांडतो, इंग्रजी शिक्षक ‘अ‍ॅज इफ’ दिसलं की सिमिली म्हणून मोकळे होतात. इंग्रजीच्या पेपरात त्यांचंच ऐकावं.

यादीतल्या अ‍ॅपॉस्ट्रफीची गंमत वेगळीच, कारण ते विरामचिन्हाचंही नाव आहे. ग्रीकमध्ये मूळ अर्थ ‘तोंड फिरवणं’. वक्ता समोरच्यांकडून वळून समोर नसलेल्याशी किंवा निर्जीव वस्तूशी बोलू लागतो. सावरकरांनी 1909 मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर ‘सागरा प्राण तळमळला’ म्हटलं ते अ‍ॅपॉस्ट्रफी, आणि समुद्राला माणसासारखं ऐकायला लावलं म्हणून सोबत पर्सॉनिफिकेशनही. वर्ड्‌सवर्थ मिल्टनला हाक मारतो तेव्हा मात्र नुसती अ‍ॅपॉस्ट्रफी, मिल्टन माणूसच होता.

ट्रान्सफर्ड एपिथेट, म्हणजे एकाचं विशेषण दुसऱ्याला जोडणं, घाबरण्यासारखा नाही. इंग्रज कवी ग्रेच्या 1751 च्या विलापिकेत शेतकरी ‘वेअरी वे’ने घरी जातो, दमलेला तो आहे, वाट नाही. आपण ‘उपाशी रात्री काढल्या’ म्हणतो, त्यातली रात्र उपाशी नसते.

उच्चारांचंही विचारलं होतं. हायपरबोल नाही, हायपर्बली. सिनेकडोच नाही, सिनेक्डकी, आघात ‘नेक’वर. मेटॉनिमीत तो ‘टॉ’वर येतो. स्पेलिंग बघून वाचलं तर तिन्ही चुकतात, तेव्हा आधी मोठ्याने म्हणून मग लिहायला घ्यावं.