शेगडी राहू द्या, जुनं धोतर न्या

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: लेकरू अडीच महिन्यांचं आहे, यजमानांना श्टुटगार्टला नोकरी लागली आहे आणि नोव्हेंबरात तिघं निघणार, तेव्हा बाळ पाच महिन्यांचं असेल. लातूरच्या घरी आईंनी शेकाची शेगडी, सहा पदरी वाकळ, लाकडी पाळणा, दोन किलो तूप आणि डिंकाच्या लाडवांचा डबा काढून ठेवलाय. यातलं काय न्यावं?

शेगडी, पाळणा आणि तूप घरीच ठेवा. ती वाकळही ठेवा, पण तिच्या जागी दुसरी शिवून न्या. कशी शिवायची ते पुढे सांगते. त्याआधी कागद, कारण वाकळ आठवड्यात होते, कागद होत नाहीत.

पहिली फेरी महापालिकेत मारा. दवाखान्यातून जन्माची नोंद पुष्कळदा नावाशिवाय जाते आणि दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहतो. बारसं झालं की लगेच नाव चढवून घ्या. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत त्याला विलंब शुल्क नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. दाखल्यावर आईचं नाव तुमच्या पासपोर्टवर आहे तसंच, अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. एकीकडे माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं असलं की व्हिसाच्या वेळी खुलासे देत बसावं लागतं. बाळाच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. मधलं वडिलांचं नाव दिलं तर जर्मन कार्यालयं ते बाळाचंच दुसरं नाव समजतात. त्यानं बिघडत काही नाही, फक्त सगळीकडे तेच लिहा.

फोटोसाठी पलंगावर पांढरी चादर ताणून बाळाला उताणं ठेवा आणि वरून काढा. डोळे उघडे हवेत आणि धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. पासपोर्ट हातात आल्यावरच बाळाच्या व्हिसाचा अर्ज करता येतो, आणि मांडीवरच्या बाळालाही व्हिसा वेगळाच लागतो.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी इथंच पुऱ्या होतील. कार्डावर लसीचं नाव आणि तारीख इंग्रजीत, वाचता येईल अशी लिहून घ्या. तिथल्या डॉक्टरांना दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा वण ओळखीचा नसतो, कारण जर्मनीत १९९८ पासून ती लस सर्रास देण्याची शिफारस नाही. वण कशाचा ते आपणहून सांगायचं. गोवराची लस पुढे पाळणाघरासाठी लागेलच: मार्च २०२० पासून तिथं एक वर्ष पूर्ण झाल्यावर एक डोस आणि दोन वर्षं झाल्यावर दोन डोस दाखवल्याशिवाय मूल घेत नाहीत.

आता शेगडी. आईंना वाईट वाटेल, तरी इथं सरळ नाही म्हणा. आपल्या माळवदाच्या घराला साणं, म्हणजे छतातलं धुराचं भोक असतं, दार उघडं असतं, धूर निघून जातो. तिकडच्या खिडक्यांना रबरी पट्ट्या असतात आणि थंडीत त्या घट्ट बंद असतात. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. झोपायच्या खोलीत धुराची घंटा लावणं तिथं सक्तीचं आहे, पण ती धुरालाच वाजते, या वायूला नाही. म्हणजे ओवा-बाळंतशेपाच्या धुरीनं शेजारी गोळा होतील आणि धूर नसलेल्या निखाऱ्यानं जीव जाईल. शेक द्यायचाच तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर कोमट करा, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, आणि काम झालं की बाळापासून दूर ठेवा.

न्हाणीघरातही फरक आहे. जमिनीला मोरी नसते. पायांवर घेऊन न्हाऊ घातलं तर पाणी फरशीत मुरून खालच्याच्या छतावर उतरतं आणि नुकसानीचं बिल तुमच्याकडे येतं. टबच वापरा, पाणी ३७ अंशांवर. डाळीच्या पिठाचं उटणं नळीत जाऊन बसतं, ते टाळा. तेल लावायच्या वेळी हीटरची चावी ४ वर करा. चावीवरचा ३ म्हणजे सुमारे २० अंश आणि ४ म्हणजे २४. खोबरेल तिथं हिवाळ्यात डब्यात दगड होतं, वाटीत काढून गरम पाण्यात धरायचं. एशियन दुकानातलं तपकिरी तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं, ते फोडणीचंही नाही आणि अंगाला लावायचंही नाही.

काजळ, घरची गुटी आणि मध या तिन्ही गोष्टी सामानातून काढाच. काजळात आणि उगाळायच्या औषधांत शिसं सापडतं, आणि मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. 

कापडावर मात्र वजन खर्च करा. मऊ झालेलं जुनं सुती कापड तिथं पैसे देऊनही मिळत नाही.

सहा पदरी वाकळ लातूरच्या उन्हात दुपारपर्यंत वाळते. श्टुटगार्टात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती खोलीतल्या स्टँडवर दोन-तीन दिवस ओली राहते, कुबट होते, आणि तिची ओल भिंतीवर बुरशी आणते. त्या बुरशीचं खापर घरमालक भाडेकरूवर फोडतो. शिवाय ओली वाकळ इतकी जड होते की मशीन पिळायच्या वेळी थडथडून मध्येच थांबतं. म्हणून तीन पदर, जास्त नाही.

माप १०० बाय १०० सेंमी धरा, कापड १०८ चं कापा. कडा दुमडण्यात आणि धुतल्यावर आटण्यात तेवढं जातं. वर मऊ लुगडं, मधे जुनं धोतर, खाली मांजरपाट. तिन्ही निखळ सुती हवेत. शंका असली तर कडेचा एक धागा ओढून जाळा: सुती धाग्याची राख होते, पॉलिस्टरची कडक गोळी. एकजरी पदर पॉलिस्टरचा गेला तर सुती आटतं, तो आटत नाही, आणि वाकळीला फुगे येतात. ओलं पांढरं फडकं घासून रंगही बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाद, कारण लेकरू आता सगळं तोंडात घालणार आहे. मग तिन्ही कापडं गरम पाण्यातून काढून खळ घालवा.

फरशीवर तिन्ही पदर एकावर एक पसरा, उभा धागा एकाच दिशेला. कोपऱ्यांवर जड डबे ठेवा. कच्चे टाके मध्यापासून बाहेर, चारी दिशांना, वीतभर अंतरानं. कडेकडून सुरुवात केली की सगळा झोळ मधे गोळा होतो आणि अर्धी शिवण उसवावी लागते. कडा आत दुमडून घ्या, मग धावदोरा बाहेरून आत चौकोनी फेऱ्यांनी. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. ओळी फार जवळ आल्या तर वाकळ पुठ्ठ्यासारखी ताठ होते; फार लांब गेल्या तर मशीनमध्ये मधला पदर गोळा होतो. गाठी पदराच्या आत ओढून घ्या. आरसे, घुंगरू, गोंडे काही लावू नका. धुताना ४० अंश.

ही वाकळ जमिनीवर अंथरायची, बाळाला पालथं पडून खेळायला. रात्री पांघरायची नाही. तिथं बाळाला पांघरूण देत नाहीत. उताणं, स्वतःच्या पलंगावर पण आईबापाच्याच खोलीत, उशीशिवाय, १६ ते १८ अंशांत, आणि अंगात झोपेची पिशवी, जिला श्लाफझाक म्हणतात. तोंडावर पांघरूण येऊन श्वास कोंडू नये म्हणून हे सगळं. मोहरीची उशी याच कारणासाठी नको. पिशवी विकत घ्या. शिवायचीच असली तर खांद्यापासून टाचेपर्यंत मोजून १०-१५ सेंमी वाढवा, आणि गळा असा ठेवा की बोट जाईल पण डोकं आत घसरणार नाही. गळा चुकला तर पिशवी पांघरुणापेक्षा वाईट.

झोळीबद्दल: काही घरांत छताला जिप्समची पाटी असते, तिच्यात हूक धरत नाही. पाच महिन्यांचं बाळ कुशीवर वळू लागलेलं असतं, आणि झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास दबतो. ही सवय निघण्याआधीच इथं मोडा, दिवसाची झोप सपाट जागी सुरू करा. प्रवास, थंडी आणि झोळी सुटणं एकाच आठवड्यात आलं की घरात कुणीच झोपत नाही.

लंगोट मलमलचे, ६० बाय ६० सेंमीचे चौकोन, तिरपे दुमडायचे. दहा-बारा पुरे, कारण तिथल्या औषधं-साबणाच्या दुकानांत ८० बाय ८० चे असेच मऊ रुमाल मिळतात. मागून बांधायची झबली हिवाळ्यात कामाची नाहीत, पाठ उघडी पडते. तिथल्या कपड्यांवरचा आकडा म्हणजे बाळाची उंची सेंटीमीटरमध्ये, म्हणून ६८ आणि ७४ घ्या. कारच्या सीटमध्ये जाड कोट घालून पट्टा लावू नका. कोट दबतो, पट्टा सैल राहतो आणि धक्क्याला बाळ निसटतं. आधी पट्टा, वरून दुपटं. कुंची न्यायला हरकत नाही, पण नाड्यांमुळे ती फोटोपुरतीच.

आता डबे. भारतातून युरोपीय संघात दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात तूप आलं. बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे: कंपनीचा सीलबंद डबा, फ्रिज न लागणारा, माणशी २ किलोपर्यंत. तुपातले लाडूही काढून घेण्याची शक्यता आहे, म्हणून लाडू नेऊ नका, लाडवांचं सामान न्या: डिंक, हळीव, खारीक, सुंठ, ओवा, बाळंतशेपा. खसखस मात्र अजिबात नाही. जर्मनीत ती किराण्यात मिळते, पण विमान दुबई किंवा अबूधाबीवरून असेल तर तिथं ती अमली पदार्थात धरतात आणि तुरुंग आहे. मसाल्यात घातलेलीही नको. काळं तिखट खसखशीशिवाय कुटून घ्या. ओला कढीपत्ता नको, वाळवून कुस्करलेला न्या.

तूप तिथं सोपं आहे. लोण्याची २५० ग्रॅमची चार पाकिटं कढवली की साधारण ८०० ग्रॅम तूप पडतं. पाकिटावर झाउअररामबुटर लिहिलेलं घ्या. ते विरजलेल्या सायीचं असतं आणि घरच्यासारखा वास त्यालाच येतो. गोड सायीच्या लोण्याचं तूप चालतं, पण आईंना फोनवर सांगू नका. शेपू तुर्की दुकानांत जुड्यांनी मिळतो. ज्वारीचं पीठ इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, पण महिनोन् महिने पडून त्याची विरी गेलेली असते आणि भाकर थापताना चिरते. अशा पिठाला उकळतं पाणी घालून झाकून ठेवा, कोमट असतानाच मळा. तवा सपाट बुडाचा न्या. खोलगट तवा काचेच्या विजेच्या शेगडीला नुसता मध्ये टेकतो आणि भाकर कडेला कच्ची राहते. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर बिनकामाचा. त्यामुळं स्वयंपाकघर काय आहे ते यजमानांकडून आधी विचारून घ्या, कारण तिथं भाड्याची घरं कित्येकदा ओटा-शेगडीशिवायच देतात. मिक्सर न्या, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त स्वस्त अडॅप्टरला अर्थिंग नसतं. इलेक्ट्रिशियनकडून तिथली पिनच बसवून घ्या. रात्री दहानंतर मात्र मिक्सर नाही. लेकरू रडलं तर कुणी बोलत नाही, मिक्सरला बोलतात. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा लंगोटापासून डाळीपर्यंत शनिवारीच बघा.

विमान फ्रँकफर्टपर्यंत घेतलं तर पुढे विमानतळाच्याच स्टेशनवरून थेट आगगाडी श्टुटगार्टला सव्वा तासाच्या आसपास पोचवते, आणि लहान मुलांसाठीचा वेगळा कप्पा आरक्षित करता येतो. टॅक्सीत बाळ मांडीवर चालत नाही, सीट आधी सांगून ठेवावी लागते. विमानातला पाळणा तिकीट काढल्यावर लगेच फोन करून मागा, तो मोजक्याच जागांना असतो. उतरताना बाळाला पाजत राहा, कानाचे दडे सुटतात.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तिघांच्या पत्त्याची नोंदणी. घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. त्याच दिवशी टपालपेटीवर आडनाव चिकटवा, नाहीतर विम्याचं कार्ड आणि करक्रमांकाची पत्रं पोस्टमन परत नेतो, आणि करक्रमांकाशिवाय बाळाचा भत्ता अडतो. २०२५ मध्ये तो महिन्याला २५५ युरो होता. उशीर झाला तर मागचे सहाच महिने मिळतात. सरकारी आरोग्य विमा असेल तर न कमावत्या बायकोचा आणि बाळाचा वेगळा हप्ता नाही. बालरोगतज्ज्ञ मात्र आत्तापासून शोधा. पुष्कळ जण नवे पेशंट घेत नाहीत, आणि सहा-सात महिन्यांची यू-५ तपासणी तुम्ही पोचताच दारात उभी असेल. रात्री-अपरात्री दवाखाना हवा असला तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

आजीचं, म्हणजे आईंचं सांगायचं राहिलं. शेंगेन व्हिसावर त्यांना १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागतो. सगळे म्हणतात उन्हाळ्यात बोलवा, हवा बरी असते. माझं मत उलटं आहे: तुमच्याबरोबरच येऊ द्या. दिवस साडेचार-पाचलाच मावळतो, यजमान कामावर, आणि पाच महिन्यांचं लेकरू दिवसभर एकटीच्या कडेवर, असे महिने नोव्हेंबर ते जानेवारीच आहेत. बाळंतिणीला घरात पाच बाया असतात तेव्हा शेगडी कुणी पेटवायची हा प्रश्न येत नाही. तिथं दुसरे दोन हात हेच सगळ्यात महागडं सामान, आणि ते पेटीत बसत नाही. आईंचा पासपोर्ट नसेल तर बाळाच्याच अर्जाच्या दिवशी त्यांचाही भरा.