पहिलं स्टोरेज घेताना: टीबी नंतर, आधी आयओपीएस

किती टीबी घ्यायचं हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी सध्याच्या सर्व्हरवरचा लोड निदान आठवडाभर मोजा: आयओपीएस (सेकंदाला होणारी रीड-राइट ऑपरेशन्स), लेटन्सी (प्रत्येक ऑपरेशनला लागणारा वेळ), रीड-राइटचं प्रमाण. रात्रीचा बॅकअप आणि महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे. खरा ताण तेव्हाच दिसतो.

नवखे हमखास अडकतात ते रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून डेटा सुरक्षित ठेवण्याच्या पद्धतीत. ७,२०० आरपीएमची डिस्क साधारण ७५ आयओपीएस देते, म्हणजे आठ डिस्कचे कागदावर ६००. पण रेड ५ मध्ये छोट्या राइटमागे डिस्कवर चार ऑपरेशन्स होतात, रेड १० मध्ये दोन. लोडमध्ये ३०% राइट असतील तर हातात उरतात अनुक्रमे ३१५ आणि ४६०च्या आसपास. व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) डेटाबेससाठी सरळ एसएसडी घ्या, या हिशेबात डोकं शिणवू नका.

बाकी थोडक्यात:

- थिन प्रोव्हिजनिंग (कागदावर जास्त जागा देऊन प्रत्यक्षात लागेल तशीच वापरणं) चालेल, पण ८०% भरल्यावर अलर्ट हवाच. डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल्स ठेवायची जागा) फुल्ल झाला की व्हीएम अडकतात.
- स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची, त्याच स्टोरेजवरची नोंद) म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ डिस्क गेली की तोही गेला.
- स्टोरेजमध्ये दोन कंट्रोलर (डिस्कचं काम चालवणारे भाग) असतील तर प्रत्येकावर ५०% पेक्षा कमीच लोड ठेवा, नाहीतर एक बंद पडताच दुसरा गुदमरतो.
- आयस्कझीचं (नेटवर्कवरून स्टोरेज जोडण्याच्या पद्धतीचं) नेटवर्क वेगळं, दोन स्विचवरून.

डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं), रेप्लिकेशन (दुसऱ्या स्टोरेजवर प्रत ठेवणं) सध्या राहू द्या.